तुझ्या पाच गाठी, माझ्या सहा

गया, तुझ्या दहाव्याला मी रडले नाही. तुझ्या मंदानं ते पाहिलं, आणखी चार बायकांनीही पाहिलं असणार. एकाच वर्षी या गावात सून होऊन आलेली, चाळीस वर्षं बांधाला बांध लावून राहिलेली शेजारीण, आणि डोळ्यांत टिपूस नाही. खरं सांगते, मला राग आला होता. ओसरीवर बसलेले लोक तुझं कौतुक करत होते आणि मी तिथंच बसून तुझ्यावर जळत होते. मेलेल्या बाईवर कोणी जळतं का? मी जळते. तुला तर ते माहीतच होतं.

त्या कौतुकातच रहीमभाई बोलले. गावातल्या सगळ्या विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणारे, प्रत्येक विहिरीत उतरून आलेले आपले रहीमभाई. म्हणाले, "पाण्याचं गयाबाईला जेवढं कळत व्हतं तेवढं कोण्या साहेबाला न्हाई कळलं. एक ते गव्हाचं साल सोडलं, तर बाई कधी चुकली न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. गव्हाचं साल सगळ्यांच्या ध्यानात होतं. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला, कारण ती चूक तुझी नव्हती. ती माझी होती. हे फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि आता एकट्या मलाच माहीत आहे.

बोलायचं ते तू असताना बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे. तू चौथीतून शाळा सोडलेली, मी बारावी झालेली, अंगणवाडीची बाई. आयुष्यभरात तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त असं एवढंच एक होतं, आणि ते मी तुला विसरू दिलं नाही.

तुझ्यावर जळायला मी कधी लागले तेही मला नेमकं सांगता येतं. आपण नव्या सुना होतो. त्या उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत खड्डा करून त्यात पाझरणारं पाणी वाटीनं भरावं लागे. मला सातवा महिना होता. तू दोन घागरी आणायचीस, एक तुझ्या घरची, एक माझ्या. एक डोक्यावर, एक कमरेवर, ताडमाड उंच, लांब हातांची, आणि चालताना थेंब सांडायचा नाही. माझ्या सासूबाई ओट्यावरून तुझ्याकडे बघत म्हणायच्या, "अशी सून पाह्यजे व्हती." तुझी घागर आमच्या रांजणात रिकामी होत असायची आणि मी आत बसून मनात म्हणायची, हिला ठेच लागावी, घागर फुटावी. ते पाणी मीच पिणार होते, माझ्या पोटातलं बाळ पिणार होतं, तरी असं वाटायचं.

पुढं पंधराएक वर्षांपूर्वी पाण्याचं शिक्षण द्यायला संस्थेची माणसं आली, तेव्हा तर हद्द झाली. शिबिर माझ्या अंगणवाडीत होतं. सतरंज्या मी घातल्या, भिंतीला चित्रं मी लावली, स्वागताचं भाषण मी पाठ केलं. त्यांनी विचारलं, गावात आज पाणी किती आहे? मी उभी राहून पाऊस किती पडतो, किती वाहून जातो, असं पुस्तकातलं सांगत होते. तू मागं दाराशी, नातवाला न्यायला आलेली. तिथूनच म्हणालीस, "माझ्या हिरीत आज आठ हात हाय. मागल्या सोमवारी सव्वाआठ व्हतं." शिबिर घेणारी सगळी माणसं वळून तुझ्याकडे बघायला लागली. माझं भाषण अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच. ती माणसं निघून जाईपर्यंत तुझ्याच विहिरीवर होती.

तू लग्न होऊन आल्यापासून मोजत होतीस म्हणे. पोहरा सोडताना दोराचा भिजलेला भाग कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजायचा, तो एक हात. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला सांगायचंही नव्हतं, नुसती सवय. शिबिरवाल्यांनी गावाला मोजायची पट्टी दिली, ती दोन पावसाळ्यांत गंजली आणि आकडे उडून गेले. मग तू तुझा सुती दोर काढलास. हाताहातावर गाठ, खाली दगड. दोर तळाला टेकवायचा, वर ओढायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या. तुझी विहीर ओढ्याकाठी, गावाच्या पोटात. तिच्यात पाणी असलं की सगळ्या शिवारात असतं, हे म्हाताऱ्यांनाही मान्य होतं. दर पंधरा दिवसांनी तू मोजायचीस आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर मी लिहायची. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत त्या आकड्यावर ठरायचं: बारा हात किंवा वर असेल तर गहू पेरायचा, खाली असेल तर हरभरा आणि ज्वारी, उरलेलं पाणी प्यायला आणि मोसंबीला. आकडा तुझा, अक्षर माझं. लोक फळ्यासमोर उभं राहून म्हणायचे, "गयाबाईचं किती आलं?" अक्षर कोणाचं, हे आजपर्यंत एकानं विचारलेलं नाही.

मग ते साल आलं. तुझी मंदा बाळंतपणाला आली होती, पण दिवस भरायच्या आधीच तिच्या घरी अंकुशनगरला सासू आजारी पडली. ती परत निघाली आणि तू तिच्यासोबत गेलीस. जाताना दोर माझ्या हातात दिलास. "दसरा झाला की मोज. तळाला दगड टेकला की झटका बसतो हाताला, मंगच वढायचा." मला शिकवलंस! दोर हातात आला तेव्हा मी काय केलं ते आज सांगते. तो घरी नेला, खुंटीला टांगला आणि हसनाबादच्या बाजारातून निळा नायलॉनचा दोर आणला. तुझा दोर काळपट पडलेला, गाठी तेलकट. माझा नवाकोरा. नायलॉन भिजल्याचं कळत नाही म्हणून प्रत्येक गाठीत लाल चिंधी बांधली, किती सुबक दिसत होता. गाठी मी माझ्या हातानं मोजून बांधल्या. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, एक हात. हात म्हणजे हात, असंच वाटलं मला. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच, तुझ्या बांगड्या मला खांद्यापर्यंत जायच्या, हे मनातही आलं नाही.

माझा हात आखूड, म्हणून माझ्या गाठी जवळजवळ. गाठी जवळ, म्हणून भिजल्या जास्त. तुझ्या दोरानं दहा आल्या असत्या तिथं माझ्या दोरानं बारा आल्या. पाणी तेवढंच होतं.

तू अंकुशनगरहून फोन केलास. "किती आलं?"

"बारा."

तू म्हणालीस, "बारा? पाऊस तर दोन दिसांत पडून गेल्ता सगळा. नंतर महिनाभर ऊन व्हतं. बराबर मोजलंस ना?"

मला इतकं झोंबलं! म्हटलं, "मी बारावी शिकले गया, मला बारापर्यंत मोजता येतं." आणि फोन ठेवला.

ग्रामसभेत मी आकडा सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. तीन वर्षांनी गहू. सरपंच म्हणाले, "बाईंचा हात लागला आन् पाणी वाढलं." मी खाली बघून हसले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, हे तुला सांगायला मला लाज वाटते, पण होता. घरी येताना मी मुद्दाम तुझ्या घरासमोरून आले, तू नव्हतीस तरी.

तू दोन महिन्यांनी आलीस तेव्हा गहू घोट्याइतका झाला होता. आल्या आल्या विहिरीवर गेलीस आणि मला बोलावून घेतलंस. निळा दोर कठड्यावर पडलेला होता. तू काही न विचारता आपला हात त्या दोरावर ठेवलास, कोपर एका गाठीवर. तुझं बोट पुढच्या गाठीच्या चार बोटं पलीकडे गेलं. ते मी पाहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं, गया. मला कळलं नव्हतं असं तुला कधी वाटलं असेल, तर तसं नव्हतं.

"कोणाच्या हातानं बांधल्या गाठी?"

"माझ्या. हात तो हात. तुझा काय सोन्याचा?"

"सुला, गहू पेरला का समद्यांनी?"

"पेरला."

"मंग तूच सांग त्यायला. अजून टाइम हाय. अर्धा गहू सोडून द्या म्हणावं, अर्ध्याला पाणी पुरंल. तू सांगितलं तर ऐकतील, फळा तू लिहितीस."

मी काय म्हणाले ते आठवतं ना? "माझं एकदा खरं झालं ते तुला बघवत नाही. तूच जळून राह्यलीस माझ्यावर." चोराच्या उलट्या बोंबा! तू निळा दोर गुंडाळलास, काखेत घातलास आणि गेलीस. तुझा जुना दोर मी दुसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर ठेवून आले; पुढं मोजायला तू नवा सुती दोर बांधलास.

तू घरोघरी फिरलीस. पाणी जपून द्या, पाण्याची एक पाळी चुकवा, असं सांगत फिरलीस, कारण न सांगता. लोक फळ्याकडे बोट दाखवायचे. फळ्यावर बारा होते, माझ्या चांगल्या अक्षरात.

गव्हाच्या ओंबीत दाणा भरायच्या वेळेला विहिरी आटून तळाला गेल्या. रहीमभाई सकाळी एकाच्या विहिरीतून मोटार काढत आणि दुपारी दुसऱ्याच्या. त्यांचाही दीड एकर गहू उभ्या उभ्या वाळला. फाल्गुनात मारुतीच्या पारावर लोक जमले आणि विचारायला लागले, बारा हात होतं तर गेलं कुठं? हे माप कोणी घेतलं? तोंड उघडायला मी श्वास घेतला होता, हे तरी तू मान्य कर; श्वास घेतला होता. तेवढ्यात तू उठलीस.

"दोर माझा व्हता. जाताना नवा बांधून दिल्ता, गाठी माझ्याच चुकल्या. सुलानं फक्त लिहिलं."

तुझ्यावर कोण ओरडणार? मी खाली बसले. आणि त्या बसण्यात सुटल्याचा आनंद होता का? होता. पण घरी पोचेपर्यंत एकच शब्द डोक्यात फिरत होता: फक्त. सुलानं फक्त लिहिलं. तू माझ्यासाठी भर पारावर खोटं बोललीस, आणि मी त्यातला नेमका तेवढा शब्द घरी घेऊन आले.

मग तू पुढचं केलंस. तुझ्या विहिरीत जे चार हात उरलं होतं ते वस्तीला प्यायला सोडलंस. तुझी मोसंबीची बाग, सव्वाशे झाडं, तिचं पाणी बंद केलंस. टँकर सुरू होईपर्यंत सगळी वस्ती तुझ्या विहिरीवर. चैत्रात पानं मुरडली, वैशाखात फांद्या वाळल्या. झाडं तोडली त्या दिवशी मी बांधावर उभी होते. तू कुऱ्हाडवाल्यांना चहा देत होतीस. वाटेनं जाणाऱ्या कोणी तरी म्हटलं, "गयाबाईचा अंदाज गयाबाईलाच भोवला." मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. आणि गया, खरं सांगू? माझ्या आत कुठं तरी बरं वाटलं. एकदा तरी तुझं चुकलं असं लोक म्हणाले. माझी चूक तुझ्या अंगावर बघून मला बरं वाटलं. हे लिहिताना पेन जड झालं आहे, पण लिहिते.

पण मलाही तुला एक विचारायचं आहे. तू का नाही बोललीस? मार्गशीर्षात, गहू घोट्याएवढा असताना, दोर घेऊन चावडीवर का नाही गेलीस? माझी फजिती झाली असती, दोन वर्षं लोक हसले असते, पण अर्धं पाणी वाचलं असतं. तुझी झाडं वाचली असती. रहीमभाईंचा निम्मा गहू तरी हाती आला असता. माझी अब्रू राखायला तू गावाचं पाणी घातलंस. हे मी तुझं चांगलं केलेलं मानत नाही, ही तुझीही चूक होती, आणि हे भांडण मी तुझ्याशी जरूर भांडले असते. पण भांडायचं तर आधी माझं कबूल करावं लागलं असतं.

म्हणून आपण दुसरीच भांडणं भांडलो. माझ्या शेततळ्याचं भांडण आठवतं? मी मोठ्या हौसेनं तळं केलं, काळं प्लास्टिक अंथरलं, बोअर लावून भरलं. सगळं गाव बघायला आलं. तू कडेला उभी राहून म्हणालीस, "सुला, तू दूध झाकायचं सोडून पातेल्यात काढून उन्हात ठेवती का? जमिनीत गार पडलेलं पाणी वर आणून तापवून राह्यलीस. पावसाचं भर ना." मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. आणि त्या वैशाखात रोज सकाळी प्लास्टिकवर पाण्याची जुनी रेघ कोरडी दिसायची, पाणी रोज बोटभर खाली. मी ती रेघ कोणाला दाखवली नाही. पुढच्या पावसाळ्यात गुपचूप ओढ्याचं पाणी तळ्यात वळवलं आणि बोअरचा पाइप काढला. तू पाहिलंस, आणि काही म्हणाली नाहीस. टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं.

दुसरं भांडण तेराचं. तुझं म्हणणं, बाराचा नियम आता चालत नाही. "आपण तो बांधला तवा फाल्गुनात स्वेटर घालत व्हतो. आता संक्रांत झाली की ऊन चटकतं. पाऊस चार दिसांत येतो, मुरायच्या आधी ओढ्यानं जातो. तेवढ्याच पाण्याला आता उन्हाळा लांब पडतो. तेरा धर." मी म्हणायची, नियम रोज बदलला तर त्याला नियम कोण म्हणेल? आणि भिंतीवर तो मी रंगानं लिहिला आहे. तू हसायचीस. "रंग काय, पुसता येतो." हे भांडण अजून मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी तेरा मान्य केलं, असं कोणी समजू नये.

तुला ताप आला तेव्हा मी मोसंबी घेऊन आले. माझ्या बागेतली. तुझी बाग माझ्यामुळं गेली आणि मी तुला माझ्या बागेतलं फळ घेऊन आले, इतकी मी निगरगट्ट. तू दोन फोडी खाल्ल्यास. म्हणालीस, "गोड हाय. पाणी बराबर बसलं झाडायला." मी ओठांवर आणलं होतं. म्हणणार होते, गया, त्या सालाचं मला बोलायचंय. आणि बोलले काय, तर "साल जरा जाड झालीय या खेपेला." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, उद्या बोलू.

तेराव्यानंतर मंदा पिशवी घेऊन घरी आली. "मावशी, आईनं सांगितल्तं, दोर तुमालाच द्यायचा. आतल्या खोलीत खुंटीला टांगून ठिवल्ता." तिला काही माहीत नाही, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. लेकीलाही सांगितलं नाहीस तू. पिशवीत तुझा जुना काळपट दोर होता आणि त्याच्याबरोबर माझा निळा. मला वाटत होतं, तू तो जाळलास. दोन्हींची टोकं एकत्र बांधून ठेवली होतीस. मी ते खुंटीला लटकवले आणि दोन्ही शेजारी शेजारी खाली आले. तुझी पाचवी गाठ जिथं आली तिथं माझी सहावी. तिथं तू पांढऱ्या दोऱ्याचे चार वेढे मारून दोन्ही दोर एकमेकांना बांधले होतेस. पुढं तुझ्या दहाव्या गाठीशी माझी बारावी, तिथंही दोरा. शाळा चौथीतून सोडलेली बाई! एवढा उघडा पुरावा, ज्याला दिसेल त्याला न सांगता कळेल असा, तू पाच वर्षं घरात टांगून ठेवलास. तुझ्या तोंडावर लोक गव्हाचं साल काढायचे तेव्हा तो भिंतीपलीकडच्या खोलीत असायचा. तू एकदाही बाहेर आणून दाखवला नाहीस.

तेव्हा मी रडले, हे तुला सांगून ठेवते. आणि रडताना जळत होते. घागर तूच आणायचीस, आकडा तूच सांगायचीस, झाडं तूच वाळवलीस, आणि माझी चूक, जी निखळ माझी होती, तीसुद्धा तू आपल्या नावावर घेऊन गेलीस. माझ्यासाठी काही ठेवलंच नाहीस. तेव्हा ठरवलं, एवढं तरी परत घ्यायचं.

दसरा झाला. मी तुझ्या विहिरीवर गेले आणि दोन्ही दोर सोडले. निळ्यानं बारा. तुझ्या दोरानं दहा. अगदी तेच, त्या सालासारखं. आमच्या घरात गव्हाच्या बियाण्याच्या पिशव्या येऊन पडल्या होत्या आणि लेक विचारत होता, "आई, बारा भरलं ना?" मी म्हटलं, ग्रामसभेत सांगते.

ग्रामसभेत मी उभी राहिले तेव्हा लोकांना वाटलं, तुझ्याबद्दल चार शब्द बोलणार. मी दोन्ही दोर वर धरले. आखूड गाठी दाखवल्या, लांब गाठी दाखवल्या, पांढरा दोरा दाखवला. "हा निळा माझा," म्हटलं. "त्या सालचं माप या दोरानं घेतलं होतं. गाठी मी बांधल्या. गयानं पारावर सांगितलं ते खोटं होतं. बारा नव्हतंच, दहा होतं. आणि मला ते पेरणीनंतर कळलं होतं, तरी मी गप्प राहिले."

माझा लेक जमिनीकडे बघत होता. मग रहीमभाई उठले, पुढं आले, निळा दोर हातात घेतला आणि एक गाठ, दुसरी गाठ, असा सगळा बघितला.

"भाभी, मंग गयाबाई काहून गप्प राह्यली?"

"मला वाचवायला."

"आन् आमी इतके साल तिला नावं ठेवून राह्यलो व्हतो." त्यांनी दोर माझ्या हातात परत दिला. "तुमी तवाच सांगायला पाह्यजे व्हतं."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मागून दोघं-तिघं कडू बोलले, तेही ऐकून घेतलं. ते माझंच होतं. शेवटी सरपंचांनी विचारलं, "मंग औंदा कोणाच्या हाताचं धरायचं?"

"तिच्या," मी म्हटलं. "दहा. गहू नाही."

सभा उठल्यावर खडू घेऊन मी फळ्याजवळ गेले. रहीमभाई आणि आणखी पाचसहा जण मागं येऊन उभे राहिले. मी लिहिलं: पाणी दहा हात. मग थांबले. पुढं कोणीतरी, मी गेल्यावर, पुन्हा आपल्या हातानं दोर बांधील, म्हणून खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं: हात गयाबाईचा. आता या गावात पाणी तुझ्याच हातानं मोजलं जाईल, आपण दोघी नसलो तरी. जळते ग मी, अजूनही जळते.

रहीमभाईंनी ते सावकाश वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, खाली तुमचं नाव?"

मी म्हटलं नको. पण गया, फळ्यावरचं अक्षर माझं आहे, आणि ते तुला कधीच जमलं नसतं.